तीन पाऊण सव्वादोन

चंद्र पृथ्वीवर पडायला लागला तर काय होईल, यावर आमच्या घरात एका हिवाळ्यात आठवडाभर बोलणं चाललं होतं, आणि त्याला कारण मीच. मुलगी नववीत होती. तिने फोनवर कुठलासा व्हिडिओ बघितला. त्यात चंद्र आधी परातीएवढा होतो, मग डोंगराएवढा, मग सगळं आभाळच व्यापतो, आणि खाली माणसं तोंड वर करून किंचाळत उभी. दोन दिवस पोरगी धड जेवेना. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "घाबरायचंच असेल ना, तर नीट शिकून घाबर. अर्धवट माहितीवर कसली घाबरतेस?" मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. शाळेचं विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि तिला विषय सुचत नव्हता. म्हटलं, हाच घे.

आमचं घर रत्नागिरीत, बंदराच्या अलीकडे, अगदी किनाऱ्याला लागून. मागच्या दगडी गडग्यापलीकडे माड आणि माडांपलीकडे समुद्र. घरात आम्ही चौघं. नवरा बर्फाच्या कारखान्यात मशीनवर, मी, मुलगी आणि माझ्या सासूबाई. मी देवरूखची. लग्न होईपर्यंत समुद्र म्हणजे सहलीला जाऊन चपला भिजवायची जागा, एवढंच माझं ज्ञान. सासूबाई त्या वेळी त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि कालवं काढायला जात होत्या. कालवं म्हणजे खडकाला घट्ट चिकटलेले शिंपले. ओहोटीला खडक उघडा पडला की कोयतीने ते फोडायचे, आतला गर काढायचा, आणि पाणी परत यायच्या आत घरी यायचं. पन्नास वर्षं त्यांनी हेच केलं. सासरे गेले तेव्हा माझा नवरा सहा वर्षांचा होता. त्याला याच कालवांवर त्यांनी वाढवलं.

पाण्याची वेळ काढायची त्यांची रीत सोपी होती. आजची तिथी किती, तिची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीन वाजता भरती. भरतीला सहा तास जोडले की ओहोटी. नवीन असताना मी हसले होते. एवढा मोठा समुद्र काय पाढ्यावर चालतो? मग एकदा कागद घेऊन बसले, चंद्र रोज किती अंश सरकतो ते मांडलं. पाढा बरोबर होता. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने मला खगोलशास्त्र शिकवलं, आणि वर म्हणाल्या, "बी.एस्सी.ला काय शिकवतात गो मग?"

पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चालला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की भांडायला उठायच्या. कॅलेंडरातली बारीक अक्षरं दिसत नसत, म्हणून रोज सकाळी चुलीपाशी येऊन मला विचारायच्या, "आज काय गो?" मी भिंतीकडे बघून तिथी सांगायची. तेवढं सांगितलं की बाकीचं सगळं त्यांच्या डोक्यात.

नवऱ्याला हे खडपावर जाणं मुळीच पसंत नव्हतं. खडप म्हणजे किनाऱ्यापासून आत गेलेला तो काळा खडक. वर्षभर मायलेकांची रोज जुंपायची. शेवटी त्याने निकराने सांगितलं, "आई, पाय घसरला, थकलीस, काही म्हण, मी समजून घेईन. पण एकदा जरी पाण्याची वेळ चुकलीस, तर त्याचा अर्थ तुझं डोकं चालेनासं झालं. त्या दिवसापासून बंद. मग माझ्यापुढे रडायचं नाही."

"पन्नास वर्षांत चुकले नाय, ती आता चुकणार?" त्या म्हणाल्या. "मंजूर."

त्यांनी हे मोठ्या तोऱ्यात कबूल केलं. पण त्यानंतर रोज सकाळी मला तिथी विचारताना त्या जरा जवळ येऊन उभ्या राहायच्या, आणि मी सांगितलं की तेच परत म्हणून बघायच्या. खडपावर जाणं सुटलं तर ही बाई घरात बसून संपेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. नवऱ्यालाही ठाऊक असणार, पण त्याला आईच्या बुडण्याची भीती जास्त होती. त्याला तरी नावं कशी ठेवू?

तर चंद्र. संध्याकाळी जेवणाआधी मी आणि मुलगी ओटीवर वही घेऊन बसायचो. सासूबाई उंबऱ्याशी सुपात जवळा निवडत बसायच्या. मी मुलीला सांगितलं, चंद्र निम्म्या अंतरावर आला तर समुद्रावरची त्याची ओढ दुप्पट होत नाही, चौपटही नाही, आठपट होते. आपल्याकडे उधाणाला पाणी नऊ-दहा फूट चढतं-उतरतं. कर आठपट.

तिने केलं आणि माझ्याकडे बघितलं. "म्हणजे आपलं घर?"

"आपलं घर, कारखाना, मासळी बाजार, सगळं. वरच्या कातळावरची वस्ती राहील. देवरूखचे तुझे मामा गच्चीवरून बघतील."

"आणि पाणी उतरणार?"

"उतरणार की. दिवसातून दोनदा चढेल, दोनदा उतरेल. दर खेपेला एवढंच."

मग मी तिला पुढचं सांगितलं. चंद्र जवळ येईल तसा तो जास्त जोरात फिरेल. निम्म्या अंतरावर महिना दहा दिवसांचा होईल, एका दिवसात तीन तिथी उलटतील. त्याहून पुष्कळ जवळ आला की एक जागा अशी येते, जिथे तो पृथ्वीच्याच वेगाने फिरतो. म्हणजे आपल्याला तो आभाळात एकाच ठिकाणी उभा दिसेल. उगवणार नाही, मावळणार नाही. आणि ज्या किनाऱ्यावर तेव्हा भरती असेल, तिथली भरती उतरणारच नाही. अगदी शेवटी, अंगावर पडायच्या आधीच, पृथ्वीच्या ओढीने त्याचे तुकडे होतील. "तेव्हा तुझा तो व्हिडिओ शुद्ध थापा आहे," मी म्हटलं. "चंद्राखाली चिरडून कोणी मरायचं नाही. त्याच्या कितीतरी आधी सगळे पाण्याने गेलेले असतील."

आई गं! आणि हे मी पोरीला धीर द्यायला सांगत होते.

सासूबाईंचे हात सुपात थांबले होते. आधी त्यांनी माझी टर उडवली. "एका दिवसात तीन तिथी? मग मला तुला सकाळी नाय, दिवसातनं तीनदा विचारायला लागेल. तुझी शाळा बुडणार ती बुडणार." मुलगी हसली. मग त्या म्हणाल्या, "भरतीचं सांगितलंस. ओहोटीचं सांग की. पाणी एवढं चढणार म्हणजे तेवढंच आत जाणार ना?"

मी म्हटलं, हो, पार आत जाईल. आजवर कुणी न बघितलेला तळ उघडा पडेल.

"मग लोक बघायला धावतील," त्या म्हणाल्या. "पाट्या, कळश्या, पोरं, सगळं घेऊन. मासे तडफडत पडलेले असताना कोण घरी बसतंय? मी पण जाईन. आणि मग पाणी मागनं येईल. माणूस भरतीला मरत नाय गो. भरती दिसते, माणूस मागं सरतो. मरतो तो ओहोटीला."

एवढं बोलून त्या पुन्हा जवळा निवडायला लागल्या. मुलगी वही मिटून आत गेली.

त्या पौर्णिमेला चंद्र खरोखरच नेहमीपेक्षा जवळ होता. वर्षातून एक-दोनदा येतो तसा. यात घाबरण्यासारखं काही नाही, हे मी वर्गात ओरडून सांगते. पण संध्याकाळी तो चढावरच्या घरांमागून वर आला, तेव्हा आमच्या आळीतल्या बायका अंगणात येऊन बघत उभ्या राहिल्या. भरतीला पाणी मागच्या गडग्याला लागलं. आधी कधी लागलं नव्हतं असं नाही, पण मुलगी त्या गडग्यापाशी जाईना. आकडे मीच मांडले होते, आणि आता मलाच ते पाण्याच्या आवाजात ऐकू येत होते.

सासूबाई मात्र खुशीत होत्या. एवढी मोठी भरती म्हणजे तेवढीच खोल ओहोटी. प्रतिपदेला त्या पाटी भरून कालवं घेऊन आल्या. द्वितीयेला आणखी. म्हणाल्या, "समुद्राच्या अंगाचं खडप इतकं उघडं मी कधी बघितलं नाय. ह्याऽ एवढाली कालवं आहेत. उद्या अजून पुढं जाते."

ती उद्याची सकाळ मला मिनिटामिनिटाने आठवते.

प्रदर्शन त्याच दिवशी होतं. मॉडेल म्हणजे एक मोठा पुठ्ठा, त्यावर निळा रंग, मधे पृथ्वी, आणि तारेवर सरकणारा चंद्र. रंग वाळावा म्हणून तो मी आदल्या दिवशी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. त्याच्यामागे कॅलेंडर झाकलं गेलं होतं. सकाळी पुठ्ठ्यावरचा रंग एका कडेला ओघळलेला दिसला. मुलगी रडकुंडीला आली, मी तिच्यावर डाफरत होते, दूध उतू गेलं. तेवढ्यात सासूबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"आज काय गो?"

काल द्वितीया. म्हणून मी मागे वळूनही न बघता म्हटलं, "तृतीया."

"तृतीया," त्या म्हणाल्या. मग बोटांवर, "तीन पाऊण सव्वादोन. म्हणजे ओहोट सव्वाआठला. नवाच्या भोंग्यापर्यंत बिनघोर." बर्फाच्या कारखान्याचा भोंगा नऊला व्हायचा. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं, तो भोंगा हेच घड्याळ. पाटी कमरेला लावून त्या मागच्या दाराने गेल्या. नवरा पहाटेच कामावर गेला होता.

पावणेनऊला रिक्षा दारात आली. मी पुठ्ठा उचलला, रिक्षात ठेवला, मुलीला बसवलं, तिला पुढे पाठवलं. पर्स घ्यायला आत आले आणि भिंतीकडे नजर गेली. कालच्या चौकोनात द्वितीया. आजच्या चौकोनात द्वितीया.

तिथी चंद्राच्या चालीने चालते, सूर्याच्या उगवण्याने नाही. कधीकधी ती लांबते आणि एकच तिथी लागोपाठ दोन सकाळी असते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. हे मी शिकवते. चंद्र निम्म्या अंतरावर आला तर महिना किती दिवसांचा होईल ते मला माहीत होतं, आणि आज कोणती तिथी आहे ते बघायला मी मान वळवली नव्हती. दोन पाऊण दीड. म्हणजे ओहोटी साडेसातलाच लागून गेली होती. सासूबाई ज्याला ओहोटी समजून कालवं फोडत होत्या, ते पाणी सव्वा तासापासून भरत होतं.

मी तशीच पळत सुटले. पायात चप्पल नव्हती.

खडप आणि किनारा यांच्यामध्ये वाळूगोट्यांची एक सखल पट्टी आहे. ओहोटीला तिच्यावरूनच चालत जातात. पाणी भरायला लागलं की आधी ती पट्टी बुडते, खडप मागाहून. खडपाच्या समुद्राकडच्या अंगाला पाठमोरं बसलेल्या माणसाला हे कळतच नाही. मी पोचले तेव्हा पट्टीवर पाणी होतं आणि त्याला ओढ लागली होती. पलीकडे खडप कोरडं, आणि त्याच्या अगदी टोकाला सासूबाईंची वाकलेली पाठ. त्यांच्यापुढे, पाण्याच्या वीतभर वर, चंद्र अजून मावळला नव्हता. दिवसाउजेडी, पांढराफटक, केवढा तरी मोठा. तो तिथे उभाच राहिला आहे, मावळणार नाही, असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी विज्ञानाची शिक्षिका, आणि मी त्याला म्हटलं, "जा ना रे बाबा."

मी हाका मारल्या. वारा माझ्याच तोंडावर होता. मला पोहता येत नाही. गुडघाभर पाण्यात शिरले, लाटेने पाय उचलला, आणि मी घाबरून मागे आले. हेही लिहून ठेवते, मागे आले.

थोड्या अंतरावर आमच्या आळीतला एक मच्छीमार होडीला डांबर लावत होता. मी त्याच्याकडे धावले, बोट दाखवलं. तो लगेच होडी ढकलायला लागला, मीही ढकलली. तेवढ्यात भोंगा झाला.

भोंगा झाल्यावर सासूबाई उठल्या. अगदी वेळच्या वेळी. पाटी कमरेला लावली, खडपावरून सावकाश चालत पट्टीपाशी आल्या आणि थांबल्या. धूसर डोळ्यांनी त्या पाण्याकडे बघत राहिल्या. पाय घालून बघितला. मग जे केलं ते मी कधी विसरणार नाही. पाटी खाली ठेवली आणि बोटांवर पुन्हा मोजायला लागल्या. आपलं कुठे चुकलं ते शोधत होत्या. समोर मी बोंब मारत होते आणि त्या पाढा म्हणत होत्या.

मग पाण्यात उतरल्या. कमरेपर्यंत आल्या, छातीपर्यंत आल्या. एका लाटेने त्या दिसेनाशा झाल्या, आणि पुन्हा दिसल्या तेव्हा होडीवाल्याच्या मुठीत त्यांच्या लुगड्याचा पदर होता.

वाचल्या. मनगट मुरगळलं, कपाळाला खडक लागला, पाटी गेली. किनाऱ्यावर त्यांना टेकवून बसवलं. होडीवाला म्हणाला, "काकी, तुमची वेळ कशी चुकली?" त्या पदर पिळत राहिल्या. तो बंदरावर निघून गेला. मी त्यांचे पाय धरले. "आई, आज पण द्वितीयाच होती. मी बघितलंच नाही. माझं चुकलं."

त्या दम घेत होत्या. मग म्हणाल्या, "तेच म्हटलं, पाढा कसा चुकला." त्यांच्या तोंडावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. डोकं त्यांचं शाबूत होतं. त्यांना तेवढंच हवं होतं.

संध्याकाळी नवरा आला तो बंदरावरून सगळं ऐकूनच. आईच्या कपाळाची पट्टी बघून त्याचे डोळे भरले, आणि त्याचे डोळे भरले की तो ओरडतो. "काय ठरलं होतं आपलं? नऊला उठलीस ना? पाणी कधीचं भरत होतं! सकाळी विचारलेली तिथी विसरलीस तू. तुला आता काही आठवत नाही, आई. कबूल कर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गात मी प्रश्न विचारते आणि उत्तर येणाऱ्या मुलीकडे बघत थांबते, तशा थांबल्या. मी भाकरी थापत होते. मला लाज वाटली, हे खरं. तिथीसारखी साधी गोष्ट, आणि मी, आणि नवऱ्यासमोर. पण त्याहून खरं ते वेगळंच आहे, आणि ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्यांनी पुन्हा तिकडे जाऊ नये, असं मला त्या क्षणी वाटत होतं. सकाळचं ते पाणी मला पुन्हा बघायचं नव्हतं. मी गप्प बसले तर ते आपोआप होणार होतं.

मी भाकरी उलटली.

"होय रे," सासूबाई म्हणाल्या. "विसरले मी. वय झालं."

खडपावर जाणं त्या दिवशी बंद झालं. नवरा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला आणि सांगून आला की आईला विसर पडतो, तिथ्या आठवत नाहीत. डॉक्टरांनी त्यांना दोन-चार प्रश्न विचारले. सासूबाईंनी सगळ्यांची उत्तरं चुकीची दिली. मी बाजूला उभी होते. आदल्या दिवशी कुणीही विचारलं असतं तर त्यांनी ती झोपेतसुद्धा बरोबर सांगितली असती.

विसरण्यावरची एक पांढरी गोळी डॉक्टरांनी लिहून दिली आहे. रोज सकाळी न्याहारीनंतर. ती त्यांच्या तळहातावर मी ठेवते, पाण्याचा पेला देते. त्या माझ्याकडे बघत ती गिळतात, आणि पेला परत देताना म्हणतात, "घेतली गो."